मामांनी न सोडलेलं पाणी

घड्याळावर इतका विश्वास आणि माणसांच्या सांगण्यावर इतका अविश्वास ठेवणारा दुसरा गृहस्थ या पृथ्वीवर होऊन गेला असेल, तर तो मला भेटलेला नाही. त्यांना मी मामा म्हणत असे, पण ते माझे मामा नव्हते. खरं सांगायचं तर ते माझे कुणीच नव्हते. साठच्या दशकात आमच्या विमा कंपनीने मला साताऱ्याहून उचलून मद्रासला नेऊन टाकलं, तेव्हा तिरुवल्लीकेणीतल्या त्यांच्या घराच्या माडीवर मी चार वर्षं राहिलो. तिकडे वयस्क गृहस्थाला मामा आणि त्याच्या बायकोला मामी म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणू लागलो. पुण्यापलीकडे कधी न गेलेल्या माझ्या आईला मद्रास आणि लंडन यांत फारसा फरक वाटत नसे. 'परमुलखात आहेस, जपून राहा आणि लोकांचं ऐक,' असं ती दर पत्रात लिही. मामांच्या घरी लोकांचं न ऐकण्याची सोयच नव्हती, हे तिला कळवण्याचा मला धीर झाला नाही.

मामांचे पूर्वज मराठी राजांबरोबर तंजावरला गेले आणि तिथेच राहिले. आजोबांनी मद्रास गाठलं. त्यामुळे खरी मराठी ती आपल्या पूर्वजांनी गाठोड्यात बांधून आणलेली, आणि मागे राहिलेल्यांनी तिची वाट लावली, अशी मामांची पक्की समजूत होती. मी तोंड उघडलं की ते कपाळाला हात लावत. "अडीचशें वरसें आम्ही इथें जपून ठेवलों, आणि तुम्ही देशावर राहून हरवून टाकलांत," असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात दर तिसरा शब्द तमिळ असे, पण तो त्यांच्या हिशेबी मराठीच होता. माडी देण्याआधी त्यांनी माझी परीक्षा घेतली. आधी गोत्र विचारलं, मग नक्षत्र, मग अंघोळीला मिनिटं किती लागतात. गोत्र ठाऊक होतं. नक्षत्र ठाऊक नव्हतं, तरी माडी हातची जाऊ नये म्हणून मी ठोकून दिलं, स्वाती. मिनिटं आठ सांगितली. मामांनी हे तिन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं, आणि पुढे चार वर्षं मी नवव्या मिनिटाला न्हाणीघरात असलो की बाहेरून कडी वाजे.

रेल्वेची वेळापत्रकं जिथे तयार होतात त्या कचेरीत त्यांनी तेहेतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर गाड्या हातच्या गेल्या, म्हणून त्यांनी घर चालवायला घेतलं. कॉफी पाच दहाला. रसम चुलीवर नऊ बाराला. सव्वा, साडे, पावणे हे शब्द त्यांना सैल वाटत. ते म्हणत, पांच सतरा, सहा एकेचाळीस. त्यांची एकुलती एक मुलगी सुगुणा मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. ती सांगे, की ती जन्मली तेव्हा सुईण बाहेर आली, तर अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, आधी वेळ विचारून घेतली आणि मुलगा की मुलगी ते मागाहून. कुणी पाहुणा उशिरा आला तर मामा रागावत नसत. ओट्यावरूनच शांतपणे सांगत, "चवदा मिनिटें लेट." त्यात दोष नसे, नुसती नोंद असे. लेट असलेली गाडी म्हणजे येणारी गाडी, असं ते मानत. गाडी रद्द झाल्याची लेखी खबर हातात पडेपर्यंत फळ्यावरून तिचं नाव पुसायचं नाही, हा कचेरीतला नियम ते घरी सगळ्यांना लावत.

त्यांच्या इतर लहरींपैकी सर्वांत न समजणारी लहर घराच्या दाराशी होती. नगरपालिकेने गल्लीतल्या घरांना नवे नंबर दिले होते, आणि सगळ्यांनी जुने पुसून नवे रंगवले होते. मामांनी नवा नंबर कोपऱ्यात लहानसा घातला आणि जुना, नऊ नंबर, दाराच्या मधोमध हातभर मोठा ठेवला. दर पोंगलला ते स्वतः स्टुलावर चढून त्या नऊवर नव्याने रंग चढवत. पोस्टमन कुरकुरे, त्याला ते दाद देत नसत. घर गळकं होतं, अंधारं होतं. रेल्वेने त्यांना पेरंबूरला चांगला बंगलीवजा क्वार्टर देऊ केला होता, तो त्यांनी नाकारला. त्रिचीला बढतीवर बोलावलं, तीही नाकारली. मी मनात म्हणे, म्हातारा हट्टी आहे. हे मी माझ्या बहिणीला पत्रातही लिहिलं होतं, आणि ते पत्र परत मिळवता आलं असतं तर मी आज फाडलं असतं.

आमच्या कंपनीत मी मृत्यूचे दावे निकाली काढणाऱ्या विभागात होतो. एका संध्याकाळी ओट्यावर गप्पा चालल्या होत्या, तेव्हा मी मोठ्या ऐटीत एका प्रकरणाची हकिगत सांगितली. माणूस घरातून गेला, परत आला नाही, बायको कंपनीकडे आली. मी म्हणालो, सात वर्षं खबर नसली की कायदा माणूस मेला असं धरतो. आम्हीही धरतो आणि फाइल बंद करतो. सोपं काम आहे. मामा उठले, घड्याळाकडे न बघता आत गेले आणि त्या दिवशी जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉफी पाच दहाला आली, पण ओट्यावर कुणी माझ्याशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मामींनी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसवलं.

"तुम्हांस ठाऊक नव्हतें, तुमचा दोष नाहीं," त्या म्हणाल्या. "ह्यांचे अप्पा ह्यांस नऊ वरसें असतां तंजावरास लग्नाला म्हणून गेले. एग्मोरला गाडींत बसले, हे हात दाखवलेत. तंजावरास ते उतरलेच नाहींत. वाटेंत काय जालें कोणास ठाऊक नाहीं. हे रोज परतीची गाडी पाहायला स्टेशनावर जात. गाडी वेळेवर येई, अप्पा येत नसत. असें दोन वरसें."

मामा रेल्वेत का गेले, वेळापत्रकाच्याच कचेरीत का, ते मला तेव्हा कळलं. घर का सोडलं नाही, तेही कळलं. अप्पांना नऊ नंबर ठाऊक होता. नवा नंबर त्यांना कोण सांगणार होतं? मामांची आई कुंकू लावूनच जगली आणि कुंकू लावूनच गेली. नातेवाईकांनी पुष्कळ सांगितलं, की शास्त्रात सोय आहे, दर्भाचा पुतळा करून दहन करा आणि मोकळे व्हा. मामांनी त्या नातेवाइकांना पुन्हा घरात घेतलं नाही. वडील हयात असलेल्या माणसाने जे जे करायचं नसतं ते ते चौसष्टाव्या वर्षीही ते करत नसत. अमावास्येला शेजारचे सगळे पुरुष आपापल्या वाडवडिलांना तिळाचं पाणी देत, तेव्हा मामा ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत.

"पण आता ह्यांस झोप लागत नाहीं," मामी म्हणाल्या. "आम्हांस पोर म्हणजे सुगुणाच. पोरगा नाहीं. हे आहेत तोंवर अप्पांस पाणी द्यायला एक माणूस आहे. हे गेल्यावर कोण देणार? हे न देतां गेले तर अप्पा अस्के, सगळेच दिवस तसेच उपाशी. आणि द्यायचें तर ते गेले म्हणायला पायजे. हे तें म्हणत नाहींत." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि रसमाखालचा जाळ कमी केला. मी मामांकडे जाऊन क्षमा मागितली. ते म्हणाले, "कायदा तुमचा आहे, बाप माझा आहे," आणि मला कॉफी प्यायला सांगितलं.

त्याच वर्षी चैत्री पौर्णिमेला चंद्रग्रहण आलं. साधंसुधं नव्हे, ग्रस्तोदित. म्हणजे चंद्र उगवणार तोच ग्रहण लागलेला. मामांनी दोन महिने आधी जाहीर केलं: चंद्रोदय सहा वीस, मोक्ष सात सतरा. मद्रासचा समुद्र पूर्वेला असल्यामुळे चंद्र पाण्यातून वर येताना दिसतो, म्हणून सगळं तिरुवल्लीकेणी किनाऱ्यावर लोटायचं होतं. असं ग्रहण असलं की दिवसभर काही खायचं नसतं. लोणच्याच्या बरण्यांवर, दह्यावर, पाण्याच्या घागरीवर दर्भाच्या काड्या पडल्या. कॅलेंडर उलटं करून मामांनी पाहिलं, तर ग्रहण नेमकं स्वाती नक्षत्रात. तिकडे ज्याच्या नक्षत्रात ग्रहण येतं, त्याच्या कपाळाला मंत्र लिहिलेली ताडाच्या पानाची पट्टी बांधतात, म्हणजे पीडा टळते. माझं नक्षत्र थापेचं होतं, हे आता सांगायला उशीर झाला होता. शिवाय माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते, तेव्हा किनाऱ्यावर पाणी देणं माझ्यावर आलं. मी म्हटलं, मामा, माझा यावर विश्वास नाही. ते म्हणाले, "विश्वास कोण मागितलें? ओंजळ पायजे, ती तुमच्याजवळ आहे."

त्या दिवशी मी कचेरीत गेलो आणि दुपारी कँटीनच्या मागच्या बाकावर बसून चार इडल्या खाल्ल्या. संध्याकाळी साडेपाचला मामींनी माझ्या कपाळाला पट्टी बांधली आणि आम्ही चौघं समुद्राकडे निघालो. मामा पुढे, हातात पंचा आणि मनगटावर घड्याळ. मागे मी, मान खाली घालून. वाटेत आमच्या कचेरीतले माझे वरिष्ठ दिसले. हे इंग्रजी सूटमध्ये येणारे, पाइप ओढणारे गृहस्थ. मी तोंड फिरवणार तोच लक्षात आलं, की ते धोतरात आहेत आणि त्यांच्या कपाळालाही पट्टी आहे. आम्ही दोघांनी गंभीरपणे एकमेकांना मान लववली, आणि कचेरीत हा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

किनारा माणसांनी भरला होता, तरी आवाज कमी होता. सहा वीस झाले आणि चंद्र दिसेना. समुद्रावर धुरकट होतं. मामांनी घड्याळाकडे पाहिलं, क्षितिजाकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे. दहा मिनिटांनी सुगुणाने बोट दाखवलं. पाण्याच्या जरा वर एक तांबूस डाग होता, त्याच्या कडेला नखाएवढा उजेड. दरवेळचा चंद्र कसा स्वतःला दाखवत वर येतो. हा आजारी माणसासारखा धरून धरून येत होता. मला भूक नव्हती, भीती नव्हती, श्रद्धाही नव्हती. तरी दोन वर्षांत पहिल्यांदा वडिलांची मनापासून आठवण झाली.

मामांचे पुरोहित त्या हिवाळ्यात वारले होते. तिकडे पुरोहिताला वाध्यार म्हणतात. आता त्यांचा मुलगा आला होता, विशीतला. जुन्या वाध्यारांना मामांची गोष्ट ठाऊक होती. ते मामांना कधी काही विचारत नसत, मामा नुसतं स्नान करून बाजूला होत. या नव्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने गुडघाभर पाण्यात आमची रांग उभी केली, माझ्या बोटात दर्भाचं पवित्रक घातलं, आणि शेजारी पांढऱ्या केसांचे मामा दिसले, तर त्यांच्याही बोटात घातलं. चौसष्ट वर्षांच्या माणसाचे वडील नसणारच, हे त्याला विचारायची गरज वाटली नाही. मामांनी हात मागे घेतला नाही. मी वाळूवर उभ्या मामींकडे पाहिलं. त्यांनी सुगुणाचं मनगट घट्ट धरलं होतं.

"गोत्र? अप्पांचें नांव?" त्याने विचारलं. मामांनी गोत्र सांगितलं. मग स्वच्छ आवाजात नाव सांगितलं, "नारायणराव." त्याने मामांच्या ओंजळीत काळे तीळ टाकले, वर पाणी ओतलं आणि पुढच्या माणसाकडे गेला. मी माझ्या वडिलांचं नाव घेऊन तीनदा पाणी सोडलं. मामा तसेच उभे होते, ओंजळ छातीशी, डोळे चंद्रावर. उजेड वाढत होता. वाध्यार परत आला, "सोडा, सोडा, वेळ होतो," म्हणाला आणि पुन्हा पुढे गेला. मामांच्या बोटांतून पाणी थेंबाथेंबाने गळत होतं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला होतं, आणि ते बघायला हात वळवला असता तर ओंजळ सांडली असती. त्यांनी मला विचारलं, "वेळ काय जाली?" चार वर्षांत मला त्यांनी वेळ विचारली ती हीच.

"सात चवदा," मी म्हणालो.

"मग तीन मिनिटें आहेत," ते म्हणाले.

ती तीन मिनिटं कुणासाठी होती, हे मला समजलं आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. सात सतराला किनाऱ्यावर शंख वाजले, माणसं पाण्यात बुड्या मारू लागली. वर चंद्र पुरा मोकळा झाला होता. मामांच्या ओंजळीत पाणी उरलं नव्हतं, नुसते तीळ तळव्यांना चिकटले होते. वाध्याराने विचारलं, दिलंत ना. मामा म्हणाले, "नाहीं दिलों. माझे अप्पा आहेत." त्याने त्यांच्या केसांकडे पाहिलं, मग चाचरत विचारलं, वय काय त्यांचं. "एक्क्याण्णव." रांगेतलं कुणीतरी हसलं. मामांनी वाकून हात समुद्रात धुतले, बोटातलं पवित्रक काढून त्याच्या हातात दिलं, आणि तीन बुड्या मारून बाहेर आले.

परत येताना मामी आणि सुगुणा पुढे चालत होत्या. मामा आज पहिल्यांदा सावकाश चालत होते. मला म्हणाले, "तुम्ही पाणी दिलांत तें पाहिलों. नीट दिलांत. आता ऐका. मी आहे तोंवर ते आहेत. मी गेलों की तुम्ही पुढच्या ग्रहणास माझ्या नांवें एक ओंजळ द्यायची, आणि त्यांच्या नांवें एक. मित्रासही देतां येतें, शास्त्रांत आहे."

खोटेपणा अंगाशी आला की माणूस भलत्याच वेळी कबुलीजबाब देतो. मी म्हणालो, "मामा, मी आज इडल्या खाल्ल्या आहेत. आणि माझं नक्षत्र स्वाती नाही, मला ते ठाऊकच नाही."

"इडली मज ठाऊक आहे. सदऱ्यावर चटणी आहे," मामा म्हणाले. "नक्षत्राचें आईस विचारून लिहून द्या."

"पण मीच का?"

"सात वरसें जालीं की माणूस गेला, असें तुम्ही म्हणालां होतां. तुम्हांस तें म्हणायला जड जाणार नाहीं. आमच्या घरांत कोणाच्यानें तें व्हायचें नाहीं." त्यात टोमणा नव्हता. एखाद्याला चांगलं अक्षर आहे म्हणून अर्ज लिहायला सांगावा, तसं त्यांनी सांगितलं. मी हो म्हणालो.

पुढे माझी बदली पुण्याला झाली. एग्मोरला पोचवायला मामा आले होते आणि गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली म्हणून मला निरोप देताना अस्वस्थ होते. पत्रं येत राहिली, मोडी वळणाच्या अक्षरात, माझ्या मराठीच्या चुका दाखवणारी. सहा वर्षांनी सुगुणाचं कार्ड आलं. अप्पा गेले, झोपेत, त्रास झाला नाही. वेळ तिने लिहिली होती, मिनिटांसकट.

त्यानंतरचं ग्रहण मी वाईला कृष्णेच्या घाटावर धरलं. आई बरोबर होती, ती पायऱ्यांवर जप करत बसली. मी पाण्यात उतरून माझ्या वडिलांना पाणी दिलं. मामांना दिलं. मग तिसरी ओंजळ भरली, तीळ घातले, आणि तोंड उघडेना. मी कितीतरी माणसं कागदावर मेलेली धरली होती. हा माणूस घरातून निघाला त्या दिवसापासून त्या संध्याकाळपर्यंत, तो गेला असं त्याच्या घरातल्या कुणीही म्हटलं नव्हतं. बायकोने म्हटलं नाही, मुलाने म्हटलं नाही. ते आता मी म्हणायचं होतं, ज्याने त्याला पाहिलंही नव्हतं. मला हे सोपं जाईल असं मामांना वाटलं होतं. आयुष्यात त्यांचा एवढा एकच अंदाज चुकला.

आईने वरून हाक मारली, ग्रहण सुटत आलं. मी नाव घेतलं आणि पाणी सोडलं. मग पायरीवर बसून मी रडलो. स्वतःच्या वडिलांसाठी मी असा रडलो नव्हतो. नारायणरावांसाठी तोवर कुणीच रडलेलं नव्हतं. त्या घरात ती मोकळीक कुणालाच नव्हती. आईने खाली येऊन पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन ओल्या केसांनीच सुगुणाला पत्र लिहायला बसलो. दूरची खबर उशिरा कळली तरी कळल्या क्षणी स्नान करायचं असतं, ते तिला आणि मामींना सांगायला हवं होतं. दोन-तीन कागद फुकट गेले. शेवटी कार्डावर एवढंच लिहिलं: 'सुगुणाबाई, तुमचे आजोबा गेले. हे पोचल्यावर तुम्ही आणि मामींनी अंघोळ करावी.'